छापील कापडाचं टेलर्ड जॅकेट घरी शिवताना: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जॅकेट म्हणजे कुर्त्यावर घालायचं बिनबाह्यांचं नव्हे. कॉलर, वळलेलं लॅपल (कॉलरखाली छातीवर बाहेर दुमडणारा भाग), दोन तुकड्यांची बाही, आतून नीट बंद केलेल्या शिलाया असं पुरतं टेलर्ड जॅकेट, आणि तेही अजरख, कलमकारी, बगरू अशा छापील सुती कापडाचं. जॅकेट शिवण्यावरची बहुतेक माहिती थंड हवेतल्या लोकांनी लोकरीच्या कापडासाठी लिहिलेली असते. ती तशीच्या तशी वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात वापरली तर जॅकेट दिसतं छान, पण अंगावर दहा मिनिटं राहत नाही. म्हणून खालची उत्तरं आपल्या हवेसाठी. आत भरणा कमीत कमी, आणि मेहनत कापण्याआधी.

मला ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवता येतो. जॅकेट जमेल का?

जमेल. अस्तराचा कटोरी ब्लाउज नीट बसवणारीने जॅकेटला घाबरण्याचं कारण नाही. ब्लाउज अंगाला लागून असतो, तिथे पाव इंचाची चूकही दिसते. जॅकेटला छातीत चार इंचांच्या आसपास सैलपणा असतो, त्यात बरंच सामावतं. नवीन शिकायच्या गोष्टी तीनच: लॅपल वळवणं, आतला आधार लावणं, आणि प्रत्येक टीप मारल्यावर लगेच इस्त्री करणं. तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून तीच सुटते, आणि मग जॅकेट ‘घरी शिवल्यासारखं’ दिसतं.

कापड कुठलं घ्यावं?

मध्यम जाडीचं, घट्ट विणीचं सुती किंवा लिनन. दुकानात कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून सोडा. तो चुरगळला तर हरकत नाही, पण लोळागोळा होऊन पडला तर ते कापड लॅपल धरणार नाही. मलमल आणि मोडालचं अजरख या कसोटीत नापास होतात. मोडाल दिसायला देखणं असतं, पण पहिल्या जॅकेटला घेऊ नका, कापतानाच हातातून निसटतं. कॅम्ब्रिकही पातळच. ते घ्यायचंच असेल तर आतून दुसरं सुती कापड जोडावं लागेल.

उलट्या टोकाला सोफ्याचं किंवा पडद्याचं जाड कापड. लॅपल झकास उभं राहतं, पण मे महिन्यात मालवणच्या बाजारात ते घालून फिरून बघा.

दुकानदार सांगत नाहीत असा एक पर्याय म्हणजे ठशांच्या छपाईची डबल बेडची चादर. कापड बहुधा जॅकेटला हवं तेवढंच जाड असतं आणि ९० बाय १०८ इंचांत एक जॅकेट आरामात बसून वर उशीचे अभ्रे निघतात. चादरीची किनार वेगळी छापलेली असेल तर ती बाहीच्या टोकाला किंवा खालच्या घेराला लावता येते. तयार बॉर्डर फुकट मिळते.

कापड आणायला रत्नागिरीकर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठू शकतात. सावंतवाडीकरांना म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जवळ. फ्युजिंग (इस्त्रीने आतून चिकटवायचं आधाराचं कापड), कॅनव्हास (आकार धरायला आत घालायचं ताठ कापड), खांद्याचे पॅड असलं सामान मात्र एकदाच मुंबईच्या मंगलदास मार्केटातून मागवून ठेवलेलं बरं. चाकरमानी येतच असतात.

ताई, पॉलिस्टरचा प्रिंट घेतलंय, तर चलात काय?

चलात, पण घाम पुसायला टॉवेल वांगडा ठेव. खरं सांगायचं तर पॉलिस्टर इस्त्रीला दाद देत नाही. शिलाई दाबून सपाट होत नाही, आणि टेलर्ड जॅकेटचं सगळं देखणेपण त्या सपाट शिलाईत असतं. त्या कापडाचा सैल श्रग शीव, तो छान होईल.

कापण्याआधी कापड धुवावं का? रंग गेला तर?

धुवावंच. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. तीन मीटरच्या तुकड्यात पाच टक्के म्हणजे १५ सेंटीमीटर. ते जॅकेट शिवून झाल्यावर गेले तर बाही मनगटाच्या वर.

आधी रंग तपासा. पांढरं ओलं फडकं कापडावर घासा, मग कोरडंही घासा. निळीच्या कापडाचा रंग पाण्यात फार उतरला नाही तरी घासून लागतो, पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरवर निळी रेघ उमटते ती त्यामुळेच. असं कापड दोनतीनदा गार पाण्यात, सौम्य साबणात, वेगळं धुवा आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर टाकून सुटता रंग पक्का होतो हा समज आहे. सुटा रंग धुऊन काढणं हाच उपाय. वाळवायचं सावलीत, उलट्या बाजूने. पावसाळ्यात ओल्या कापडाला दोन दिवस वळचणीखाली ठेवू नका, पंख्याखाली सुकवा. तिरीप येईल म्हणून वाट बघितलीत तर बुरशी आधी येते.

नवीन कापडावर टाचणीच्या जागी काळे ठिपके पडले. धुऊन जात नाहीत. हे काय?

गंज, पण साधा नव्हे. अजरख आणि कलमकारीचं कापड छापण्याआधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. हिरड्यात टॅनिन असतं, आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. छपाईतला काळाही असाच बनतो, गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून. म्हणजे आपल्या खारट हवेत गंजलेली टाचणी त्या कापडावर छपाईच करते, तीही पक्क्या रंगाची.

त्यावर लिंबू-मीठ चोळू नका. गंजाच्या डागाला तो उपाय बरोबर आहे, पण लिंबाचं आम्ल छपाईतलं लोखंडही सोडवतं, आणि ठिपक्याबरोबर शेजारची काळी नक्षी फिकट होते. ठिपका शिलाईत किंवा अस्तराखाली जाईल असा तुकडा मांडणं हाच शहाणपणा. पुढच्या वेळी काचेच्या डोक्याच्या स्टेनलेस टाचण्या वापरा आणि त्या रात्रभर कापडात ठेवू नका. मांडामांडीसाठी टाचण्यांऐवजी वजनं ठेवली तर आणखी चांगलं. वरवंटा चालतो.

किती मीटर कापड लागेल?

छाती ३६ ते ३८, लांबी २५ इंच, पूर्ण बाही आणि ४४ इंच पन्हा धरून:

साधं किंवा बारीक विखुरलेलं प्रिंट असेल तर अडीच मीटर. मध्यम नक्षी, किंवा एकाच दिशेने उभं असलेलं प्रिंट (झाडं, हत्ती, कुयरी सगळी एकाच तोंडाने) असेल तर तीन. नक्षी एक फुटापेक्षा लांब अंतराने परत येत असेल तर साडेतीन. ५८ इंच पन्ह्याला यातलं पाऊण मीटर कमी करा. पूर्ण अस्तराला दोन मीटर.

एकाच दिशेचं प्रिंट असेल तर सगळे तुकडे एकाच तोंडाने मांडावे लागतात. बाही उलटी फिरवून जागा वाचवता येत नाही. लांबी तिथेच वाढते. ‘दोन मीटरात बसवा’ म्हणणाऱ्या शिंप्याचं ऐकून कापड घेऊ नका, तो साध्या कापडाचा हिशोब सांगत असतो.

प्रिंट जुळवायचं म्हणजे नक्की काय आणि कुठे?

छापील जॅकेट या उत्तरातच ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

आधी नक्षीचा टप्पा मोजा: एका फुलाच्या टोकापासून पुढच्या तशाच फुलाच्या टोकापर्यंत, उभा आणि आडवा. मग कापड जमिनीवर उलगडून उभं राहून बघा. जवळून बारीक वाटणाऱ्या नक्षीतही लांबून पट्टे दिसतात, कधी तिरपे. जॅकेट लोक लांबूनच बघतात. त्या पट्ट्यांपैकी जो डोळ्यात भरतो तो पकडायचा.

कापड दुमडून दोन थर एकदम कापायचे नाहीत. एकेरी पसरायचं, छपाईची बाजू वर. खाली दुमडलेला थर बोटभर जरी सरकला तरी डावा पुढा वेगळाच निघतो. पॅटर्नचा प्रत्येक तुकडा एकदा सुलटा आणि एकदा उलटा ठेवून कापायचा. दोन्ही एकाच बाजूने कापले की दोन उजवे पुढे हातात येतात.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा उजवा पुढा, कारण बायकांच्या जॅकेटात तो वर येतो. त्यावर मुख्य नक्षी कुठे यावी हे ठरवा. एवढंच बघा की मोठं गोल फूल किंवा चक्र छातीच्या उंचवट्यावर येऊ नये. ते एका बाजूला आलं तर वाईट, दोन्ही बाजूंना आलं तर त्याहून वाईट. मग डावा पुढा. तो जुळवायचा तो बटणाच्या मध्यरेषेवर, कापडाच्या कडेवर नाही. बटण लावल्यावर दोन्ही मध्यरेषा एकमेकींवर येतात, कडा नाही. त्यानंतर पाठ: बाजूच्या शिलाईत आडव्या ओळी पुढ्याच्या ओळींना मिळाल्या पाहिजेत. इथेही जुळवायचं ते शिलाईच्या रेषेवर, कापलेल्या कडेवर नव्हे, मधली माया (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) आत जाणार आहे. बाजूला छातीचा टक्स (आकारासाठी कापड चिमटून मारलेली निमुळती शिलाई) असेल तर टक्साच्या वरचं जुळणार नाही. घेरापासून टक्सापर्यंत जुळवा आणि पुढचं सोडून द्या. काखेखाली कोणी बघत नाही.

बाही सगळ्यात अवघड वाटते, पण तिथे एकच जागा महत्त्वाची: मुंढ्याच्या पुढच्या भागातली खूण. बाहीची आणि पुढ्याची खूण एकाच आडव्या ओळीवर आली की समोरून बघणाऱ्याला ओळ छातीवरून दंडावर सलग गेलेली दिसते. मागच्या बाजूला ती तुटेल. तुटू दे.

कॉलर मागून दिसते, म्हणून तिच्या मधोमध जी नक्षी येईल तीच पाठीच्या मध्यरेषेवरही यायला हवी. खिसे सगळ्यात शेवटी.

ठशांच्या छपाईत ओळीच वाकड्या आहेत. कापडाच्या धाग्याप्रमाणे कापू की नक्षीप्रमाणे?

हाताने ठसा मारलेल्या कापडात ओळ थोडी हलणारच. तो दोष नाही. पण तीन मीटरात नक्षी एक-दोन बोटं तिरकी गेली असेल तर प्रश्न येतो. उभ्या धाग्याप्रमाणे कापलं तर जॅकेट सरळ लोंबेल, नक्षी किंचित कलती दिसेल. नक्षीप्रमाणे कापलं तर पहिल्या दिवशी छान, आणि दोन धुण्यांनंतर एक बाजू पिळवटून खाली येते. माझं मत धाग्याच्या बाजूने. घेराची ओळ तेवढी नक्षीला जवळ धरून मुडपा, नजर तिथेच जाते. फरक त्याहून जास्त असेल तर कापड दुकानातच सोडून या.

लॅपलवर नक्षी उलटीच आली. असं का होतं?

कारण लॅपलवर जे दिसतं तो पुढा नसून आतली पट्टी असते. पुढा वळला की त्याची आतली बाजू वर येते. म्हणजे तुम्ही पुढ्याच्या लॅपलच्या जागी सुंदर मोर बसवलात तर तो कायमचा वळलेल्या लॅपलखाली झाकला जाणार. आतल्या पट्टीचा तुकडा कापताना त्याला दर्शनी तुकड्याचाच मान द्या. नक्षीची एखादी सरळ ओळ लॅपलच्या बाहेरच्या कडेला समांतर ठेवली तर जॅकेट एकदम पक्क्या हाताचं वाटतं.

ही पट्टी आणि वरची कॉलर कडेला दोन-तीन मिलिमीटर मोठी कापा. वळणावरून जाताना कापड तेवढं खातं. दोन्ही सारखी कापली तर खालचा थर बाहेर डोकावतो आणि टोकं वर उचलली जातात. कॉलरचा खालचा थर तिरक्या धाग्यावर, मध्ये जोड देऊन कापा, म्हणजे कॉलर सहज वळते.

प्रिंट फार गजबजलेलं असेल तर कॉलर आणि लॅपल साध्या रंगाचं करण्यात काही कमीपणा नाही.

मांजरपाटाचं ट्रायल करणं खरंच गरजेचं आहे?

हो. छापील कापडात चुकलेला तुकडा पुन्हा कापायला जागाच नसते, कारण ती नक्षी दुसरीकडे वापरून झालेली असते. मांजरपाटावर पुढे, पाठ आणि एक बाही कच्च्या टाक्यांनी जोडून घाला. हात वर करून माडावरचा नारळ दाखवा, पुढे वाकून विहिरीतून बादली काढल्यासारखं करा. मुंढा कुठे ओढतो ते कळेल. त्याच ट्रायलवर पेनाने नक्षीचे पट्टे आखले तर मांडणीचाही सराव होतो. जुनी चादरही चालेल.

इंटरनेटवरून घेतलेला पॅटर्न ए-फोर कागदांवर छापला, तर जॅकेट लहान आलं.

झेरॉक्सवाल्याने ‘पानात बसवून’ छापलं असणार. छपाई शंभर टक्के मापावर हवी. बहुतेक पॅटर्नमध्ये पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन असतो. तो टेपने मोजल्याशिवाय बाकीची पानं छापू नका.

आत कॅनव्हास घालावा की फ्युजिंग?

मुंबई-पुण्याचे सूटवाले घोड्याच्या केसांचा कॅनव्हास घालतात. तो लोकरीच्या कापडाला शोभतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर राहते तिथे सुती कापडाखाली तो जड होतो आणि वास धरतो. मी तो सुचवत नाही.

चिकटणारं फ्युजिंग सोपं, पण आपल्याकडे त्याचे फुगे येतात. याचं मोठं कारण म्हणजे कापडातला दमटपणा. जूनमध्ये कपाटातून काढलेलं कोरडं कापडही कोरडं नसतं. आधी कापडावर कोरडी इस्त्री फिरवून वाफ घालवा, मगच फ्युजिंग ठेवा. इस्त्री घासायची नाही. एका जागी दाबून दहा-बारा सेकंद, उचलायची, शेजारी ठेवायची. आणि पूर्ण थंड होईपर्यंत तुकडा हलवायचा नाही, गरम असताना गोंद सुटा असतो. विणलेल्या सुती पाठीचं फ्युजिंग घ्या, कागदासारखं दिसणारं घेऊ नका.

माझी पसंती मिश्र पद्धतीला. कॉलर आणि आतल्या पट्टीला हलकं फ्युजिंग. पुढ्याला ऑर्गंडी किंवा धुतलेलं कॅम्ब्रिक, नुसतं कच्च्या टाक्यांनी कडेला जोडून. पाठीला खांद्यापासून पंज्याएवढा मांजरपाटाचा तुकडा, खांदे खाली ओढू नयेत म्हणून. बस्स. लॅपल वळतं त्या रेषेवर एक सुती फीत, रेषेपेक्षा पाव इंच आखूड, हाताने टाचून बसवा. त्या पाव इंचाने लॅपल छातीला धरून राहतं, पुढे वाकलं तरी उघडत नाही. वळणाच्या रेषेवर इस्त्रीची धार मात्र कधीच काढू नका. तिथे गोलाई हवी.

इस्त्रीचं काय? आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

मग कामाची वाटणी विजेप्रमाणे करा. वीज असेल तेव्हा फ्युजिंग आणि इस्त्री, गेली की हातशिलाई आणि कच्चे टाके. पायमशीन असेल तर टीपही मारता येते, उजेड असेपर्यंत. कोळशाची इस्त्री अजून चालू असेल तर तिच्याइतकी जड दाबणारी दुसरी नाही, फक्त राख उडणार नाही ते बघा आणि मध्ये फडकं ठेवा.

दोन वस्तू घरच्या घरी करून घ्या. एक उशी: घट्ट विणीच्या सुती कापडाची, पपईच्या आकाराची, सुताराकडच्या भुशाने गच्च ठासून भरलेली. छातीचे टक्स, मुंढा, कॉलर यांची गोलाई तिच्यावरच दाबायची. सपाट टेबलावर दाबली की ती मरते. दुसरा लाकडी ठोकळा: गुळगुळीत, हातभर लांब. शिलाईला वाफ दिली की लगेच त्यावर ठोकळा दाबून धरायचा. लाकूड वाफ शोषतं आणि शिलाई कायमची बसते. ठोकळा फणसाचा किंवा सागाचा घेऊ नका. फणसाच्या गाभ्यातून पिवळा रंग निघतो, सागातूनही डाग उतरतो, आणि ओल्या कापडावर तो दिसतो. भुसाही फणसाचा नको, त्याच कारणाने.

अस्तर लावायचं की नाही?

पॉलिस्टरचं सॅटिन अस्तर सगळीकडे मिळतं आणि कोकणात सगळ्यात जास्त त्रास देतं. घाम आत अडतो, पाठ चिकटते.

तीन मार्ग आहेत. पहिला: अंगाला मलमल किंवा कॅम्ब्रिकचं अस्तर, फक्त बाहीला व्हिस्कोसचं घसरतं अस्तर. सुतीवर सुती अडकतं, हात आत जात नाही, म्हणून बाही वेगळी. दुसरा: अर्धं अस्तर, म्हणजे पाठीच्या वरच्या भागाला आणि बाहीला, बाकी उघडं. तिसरा, मला सगळ्यात आवडणारा: अस्तरच नाही, प्रत्येक शिलाईची माया तिरक्या पट्टीने बांधून टाकायची. वेळ खातो, पण जॅकेट हलकं राहतं, चटकन वाळतं, आणि उघडं टाकलं तरी आतून सुंदर दिसतं. पट्टी छपाईतल्याच एखाद्या रंगाची घ्या.

पूर्ण अस्तर लावणार असाल तर पाठीच्या मध्यभागी एक इंचाची चुणी ठेवायला विसरू नका, नाहीतर हात पुढे केला की काखेत उसवतं. आणि अस्तरही आधी धुऊनच.

बाही बसवताना वर चुण्या राहतात. कितीही केलं तरी.

दोष बहुधा तुमचा नसून पॅटर्नचा असतो. लोकरीच्या जॅकेटच्या पॅटर्नमध्ये बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा दीड-दोन इंच मोठा असतो. लोकर वाफेने आकसते, ते जास्तीचं माप जिरून जातं. सुती कापड वाफेने तसं आकसत नाही. छापील सुती जॅकेटला हा फरक पाऊण ते एक इंचावर आणा. माथ्यावर कागदाला आडवी घडी घालून उंची थोडी कमी केली की परिघही कमी होतो. मग माथ्यावर लांब टाक्यांच्या दोन ओळी, हलके ओढून, उशीवर वाफ देऊन, मगच मुंढ्याला लावा. टीप मारताना बाहीची बाजू खाली ठेवा. मशीनचे दात खालचा थर थोडा जास्त पुढे ढकलतात, ते इथे कामाला येतं.

खांद्याला पॅड हवेच असतील तर पातळ. फोमचे पॅड काही वर्षांत पिवळे पडून भुगा होतात, म्हणून उरलेल्या कापडाचे दोन-तीन थर शिवून घरीच करा.

खिसा कट मारून करू की वरून लावू?

वरून लावा. पुढा कापून झाला की खिशाचा कागद त्यावर ठेवा, खालची नक्षी पेन्सिलने कागदावर उतरवा, आणि उरलेल्या कापडात तोच भाग शोधा. नीट बसला की खिसा दिसतच नाही. कट खिशाची पट्टी इतकी बारीक असते की तिच्यावर जुळवण्याचा खटाटोप वाया जातो. करायचाच असेल तर पट्टी तिरक्या धाग्यावर कापा किंवा साध्या रंगाची घ्या.

सुई, दोरा, टाका?

१४ नंबरची सुई. जाड कापड आणि फ्युजिंगचे थर एकत्र आले तर १६. एका इंचात दहा-बारा टाके. दोरा पॉलिस्टरचा चालतो. जॅकेट सुरू करताना सुई नवीन लावा. समुद्राकाठी मशीनमध्ये राहिलेली सुई दिसायला चकचकीत असली तरी टोकाला खरबरीत झालेली असते आणि छपाईचे धागे ओढते. मशीनला तेल दिल्यावर आधी चिंधीवर टीपा मारून घ्या. ओट्यावरचं खोबरेल मात्र मशीनला घालू नका, ते चिकट होऊन बसतं.

बटणं कसली? काजं हाताने करू का?

धातूची बटणं खाऱ्या हवेत काळी पडतात किंवा गंजतात. करवंटीची बटणं आपल्याकडे शोभतातही आणि टिकतातही, फक्त कड गुळगुळीत आहे ना ते बघा. बटण घट्ट टाचू नका. खाली काडी ठेवून टाके घाला, काडी काढून दोऱ्याचे वेढे द्या, म्हणजे जाड पुढ्याला जागा मिळते.

काज हाताने सुंदर होतं, पण ज्याला सराव आहे त्याच्या हातून. नाहीतर तालुक्याच्या गावात काजाची मशीन असलेलं दुकान असतंच. जाताना त्याच कापडाची, तेवढ्याच थरांची चिंधी घेऊन जा आणि आधी तिच्यावर करून मागा. वरचं काज लॅपल जिथे वळायला लागतं तिथेच हवं. अर्धा इंच खाली आलं तर सगळं वळण बिघडतं.

नवऱ्यासाठी शिवायचं आहे. फरक काय?

डावा पुढा वर, छातीचे टक्स कमी, खांदा रुंद. प्रिंट निवडताना त्याला विचारा. कापून झाल्यावर विचारू नका.

धुवायचं कसं आणि पावसाळ्यात ठेवायचं कसं?

कापड आधी धुतलेलं असेल तर गार पाण्यात हाताने धुता येतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, रुंद हँगरला टांगा. लोखंडी तारेचा हँगर नको, कारण वर आलंच आहे. पेजेची किंवा मैद्याची खळ देऊन कपाटात ठेवू नका. कसर आणि बुरशी दोघांनाही ती आवडते. खळ हवी तर घालायच्या आदल्या दिवशी.

मृगाच्या आधी एकदा ऊन दाखवून, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा अडकतो. मधूनमधून काढून पंख्याखाली टांगा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर घरात झटकू नका, बाहेर नेऊन ब्रशने काढा, मग धुवा. जेवताना कोकमाचं आगळ, लिंबू यांपासून लांब राहा, काळ्या छपाईवर तर जास्तच.

गणपतीला घालायचं आहे. कधी सुरू करू?

कापड वैशाखात धुवा, तेव्हा ते तासाभरात वाळतं. ट्रायल आणि कापणी ज्येष्ठात उरकली तर आषाढातल्या पावसात घरी बसून शिलाई होते. काजांना नारळीपौर्णिमेच्या आत द्या. त्यानंतर चतुर्थीला तीन आठवडेही उरत नाहीत, आणि दुकानात मुंबईहून येणाऱ्यांच्या ब्लाउजांची रांग लागलेली असते. घेर मुडपायच्या आधी जॅकेट दोन दिवस हँगरला लटकत ठेवा. पुढा आणि पाठ सारखे उतरले की नाही ते आरशात बघून मगच खालची हातशिलाई घाला.